चिठ्ठी बैठकीला

"ह्यांना उभं राहता येतं का?"

विमानतळाच्या काउंटरवरच्या मुलीनं विचारलं ते तिला नव्हे. तिच्या डोक्यावरून, चाकाच्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या बाईला विचारलं. उत्तर द्यायला तिनं तोंड उघडलं, तोवर वरून उत्तर गेलंसुद्धा, "एका पायावर राहतात." उत्तर अगदी बरोबर होतं आणि तीच तर पंचाईत होती, चूक असतं तर भांडता आलं असतं. भांडणात ती कुणाला हार जाणारी नव्हती. कापडाच्या मोठ्या दुकानात शोकेस सजवण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं, आणि तिथे तिचा आवाज चढला की माडीवरचा शिंपीसुद्धा मशीन थांबवून ऐकायचा. पण आता तिचं तोंड काउंटरच्या कडेखाली होतं. पलीकडून त्या मुलीला दिसत असणार तो नुसता भांग. तिची मोठी बॅग पट्ट्यावरून निघून गेली, तिकीट मागच्या मागे कुणाच्या तरी हातात गेलं, खुर्चीच्या पाठीला असलेल्या कापडी खिशात ते सरकवल्याची खसखस झाली, आणि खुर्ची आपोआप वळली. म्हणजे वळवली कुणीतरी, पण ज्याला मागचं दिसत नाही त्याच्यापुरतं ते आपोआपच.

ढकलणाऱ्या बाईचा चेहरा तिनं नीट पाहिलाच नव्हता. कमरेला किल्ल्यांचा जुडगा असावा, कारण वळणावर तो वाजायचा, एवढीच ओळख. तपासणीच्या दारापाशी त्या बाईनं तिच्या मांडीवरची पर्सही काढून घेतली आणि नंतर खुर्चीच्या मुठीला अडकवली, फोनसकट. "मांडीवरून पडते हो सगळ्यांची," असं मागून कानाशी आलं. बोलणं गोड होतं. हात मात्र न विचारता आला आणि न विचारता गेला. तिला ते ओळखीचं वाटलं, आणि का ओळखीचं वाटतंय हे लांबलचक बोळातून जाताना कळलं: ती स्वतः पुतळ्यांना असंच हाताळायची. पुतळ्याला कोण विचारतं? बाही चढवायची तर हात मनगटातून पाव वळसा फिरवायचा, टक्क झालं की निघतो. आधी बाही, मग हात. विजार घालायची तर पुतळा उलटा करून पाय काढायचे. जुन्या पुतळ्यांना डोळे असायचे, तेव्हा निदान रविवारी धूळ पुसताना लाज वाटायची. नव्यांना तोंडच नाही, गुळगुळीत अंडं. लाज वाटायचं कारणच उरलं नाही.

आणि पडली तीही त्यांच्यातच. भर दुपारी, शोकेसमध्ये, स्टुलावरून. पाय मुरगळून खाली आला, काहीतरी काडकन मोडलं, आणि ती काचेला गाल लावून वाकडीतिकडी पडून राहिली. ओरडायला दमच नव्हता. काचेपलीकडे रस्त्यावर एक बाई हातातल्या पिशव्या सावरत थांबली. त्या बाईनं हिच्याकडे पाहिलं, अगदी डोळ्याला डोळा, मग शेजारच्या पुतळ्याच्या अंगावरच्या कोटाची किंमत वाचली आणि पुढे चालती झाली. पायाचं दुखणं एकीकडे आणि ते एकीकडे. पडलेला पुतळा उचलायला रस्त्यावरचं माणूस कशाला येईल, असं नंतर सगळ्यांना हसून सांगितलं तिनं. सांगताना दर वेळी गाल गार पडायचा.

पाय मोडला नसता तरी हा प्रवास करायचाच होता. लेकीच्या डोक्यात गाठ निघाली होती. उद्या सकाळी ऑपरेशन, आणि आज संध्याकाळीच तिला आत घेणार. एकदा आत घेतलं की कुणाला भेटू देत नाहीत. डॉक्टर म्हणाले होते, गाठ निघेल, पण उठल्यावर थोडा गोंधळ राहू शकतो, माणसं ओळखायला वेळ लागू शकतो, काही वेळा लागतच नाहीत ओळखू. जावई हे सगळं फोनवर नीट शब्द निवडून सांगत होता, तर लेकीनं फोन हिसकावून घेतला. "आई, तू ये. मला तुझं तोंड बघून आत जायचंय. नंतर ओळखू आलं नाही तर?" त्यावर आपण काय म्हणावं? आपण म्हणालो, "काहीतरी अभद्र बोलू नकोस, मार खाशील." जन्मभर हेच केलं. काळजी वाटली की आपल्या तोंडून रागच बाहेर यायचा, उकळी आली की झाकण उडावं तसा. संध्याकाळच्या आत पोचवणारं हे एकच विमान होतं. डॉक्टर नको म्हणाले, दुकानातले नको म्हणाले. तिनं कुणाचं म्हणून ऐकलं नाही.

किल्ल्यांचा आवाज थांबला. "इथं बसा हं. वेळ झाली की येते." आणि ती बाई गेली. बसा म्हणजे काय, बसलेलीच तर होती. जागा म्हणजे एका खांबामागचा कोपरा, आणि तिथे चाकाच्या खुर्च्या ओळीनं भिंतीकडे पाठ करून लावलेल्या. काहींत माणसं, काही रिकाम्या. माणसं बोलत नव्हती. समोरून माणसांचा लोंढा चालला होता, बॅगांची चाकं घरंगळत होती, आणि त्या लोंढ्यातलं एकही तोंड इकडे वळत नव्हतं. दुकानाच्या तळघरात पुतळे असेच ठेवलेले असायचे, पाठ भिंतीला, ज्या त्या शाखेची गाडी येईपर्यंत. तिला तिथला आपलाच नियम आठवला: चिठ्ठी बैठकीला, पुतळ्याला नाही. पुतळ्याचे कपडे बदलतात, केस बदलतात, ह्याचा हात त्याला बसतो. लोखंडी बैठक तेवढी कायम, म्हणून कुठल्या शाखेला जायचं ती चिठ्ठी बैठकीला बांधायची. नव्या पोरींना ती पहिल्या दिवशी बजावायची, पुतळा उचलून दुसऱ्या बैठकीवर ठेवलात तर आधी चिठ्ठी बदला, नाहीतर माल भलतीकडे जाईल. एकदा गेलाच होता. भलत्याच शाखेनं तो पुतळा उभा केला, कपडे चढवले, पुढचा सगळा हंगाम कुणाच्या लक्षातही आलं नाही. मालक खो खो हसले होते. "गिऱ्हाईक कपडे बघतं, बाई. तोंड कोण बघतं?"

शेजारच्या खुर्चीत एक म्हातारी होती. तिला ती मघाशी काउंटरपाशी दिसली होती, मुलाबरोबर. मुलगा खुर्चीवाल्यांना हात जोडून सांगत होता, "आई काहीही बोलेल. मी ती नाहीच म्हणेल, मला भलतीकडे नेताय म्हणेल, माझी लेक वाट बघतेय म्हणेल. वाद घालू नका, बिचारी फार चिडते. नुसतं हो हो म्हणा, म्हणजे शांत राहते. तिकडे माझी बहीण घ्यायला येईल." आणि ढकलणाऱ्यांच्या लक्षात राहावं म्हणून त्यानं खुर्चीच्या मुठीला आपल्या हातानं एक हिरवी फीत बांधली होती.  आता जवळून पाहिलं तर म्हातारी मुळीच म्हातारी वाटेना. फार तर तिच्याहून चार वर्षांनी मोठी. मांडीवर लोकरीचं पांघरूण, त्यावर हात एकावर एक ठेवलेले, आणि चेहरा असा निवांत, की त्यावर काही लिहिलेलंच नाही.

"फार दुखतंय?" म्हातारीनं विचारलं. सबंध दिवसात कुणीतरी सरळ तिला विचारलं होतं. तिला भरून आलं. दुखत होतंच, तिच्या खुर्चीची पाय टेकायची फळी उजव्या बाजूलाच वर होत होती आणि मोडका पाय होता डावा. तो खाली लोंबकळून प्लॅस्टरच्या आत ठणकत होता. म्हातारीच्या खुर्चीला दोन्हीकडे फळ्या होत्या. बोलता बोलता तिनं सगळं सांगून टाकलं: लेक, गाठ, संध्याकाळ, तोंड बघून जायचंय म्हणाली ते. परक्यापाशी माणूस मोकळं होतं ते असं. म्हातारी ऐकत होती, मान हलवत होती. "काय म्हणता घरी तिला?" "ठकी. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी ताठ उभी राहायची, म्हणून." "ठकी," म्हातारी म्हणाली. मग पुन्हा, हळू, जिभेवर घोळवत, "ठकी. ठकी, बाळा." आणि एकदम म्हणाली, "माझी खुर्ची घ्या की तुम्ही. मला काय, इथे बसले काय नि तिथे बसले काय. पाय धड आहेत माझे. हरवते म्हणून बसवतात." ती टुणकन उठली. चांगली चटपटीत बाई! काखेत हात घालून तिनं हिला उभं केलं, एका पायावर फिरवलं आणि आपल्या जागी बसवलं, पाय फळीवर नीट ठेवला, आपलं पांघरूण तिच्या अंगावर घातलं. मग स्वतः हिच्या खुर्चीत टेकली आणि खुर्चीच्या हातांवरून हात फिरवत म्हणाली, "ऊब आहे हो तुमच्या खुर्चीला."

पाय वर झाला तसा ठणका एकदम ओसरला, जसा कुणी दिवा मालवावा. सकाळची दुखण्याची गोळी आत्ता कुठे चढत होती. पाठीमागे काहीतरी बदलायचं राहिलंय, कसलीतरी चिठ्ठी, असं तिला एकदा वाटलंही. जन्मभर दुसऱ्यांना बजावलेला नियम. पण गिरकी घेऊन मागे बघायचं म्हणजे पुन्हा पाय हलवायचा. बघू, ती किल्ल्यांवाली आली की सांगू. डोळे मिटले ते मिटलेच. अर्धवट झोपेत शोकेस आली, तापलेल्या दिव्यांची, गोंदाच्या वासाची. ठकी शाळा सुटली की दुकानात यायची आणि पुतळ्यांत उभी राहायची, पापणीही न लववता. गिऱ्हाइकं फसली की ती जिंकली. एकदा आई लहान मुलांच्या पुतळ्यांना स्वेटर घालत होती, तोंडात टाचण्या, डोक्यात घाई, आणि एकामागून एक मनगटं धरून पाव फिरवत होती. एक फिरेना. तिनं जोर लावला. मनगट ऊन होतं. ऊन आहे हे हाताला कळलं, पण डोक्यात शिरेपर्यंत हात फिरवतच राहिला. ठकी रडली नाही, हलली नाही, डोळ्यांत पाणी घेऊन तशीच उभी राहिली, आणि आई टाचण्या थुंकून किंचाळल्यावर हसली, "मी जिंकले! तुला मी आहे हे कळलंच नाही." आपण तिला जवळ घ्यायला हवं होतं. आपण तिला धपाटा घातला. हात सुजला होता पोरीचा.

"चला आजी, निघू या."

आजी? तिनं डोळे उघडले. मागून आलेला आवाज पुरुषाचा होता, जाडा, मायाळू. किल्ल्या नव्हत्या, ह्याच्या बुटांचे तळवे चुरचुरत होते. खुर्ची हलली. तिनं शेजारी पाहिलं. शेजारी कुणी नव्हतं. ना म्हातारी, ना खुर्ची. पर्स? तिनं मागे हात नेऊन मूठ चाचपली, तर हाताला एक कापडी पिशवी लागली आणि तिच्यावर बांधलेली मऊ फीत. हिरवी असणार ती. बघायची गरज नव्हती. 

"थांबा! अहो थांबा, ही माझी खुर्ची नाही."

"हो हो," तो म्हणाला.

"हो हो काय? माझी पर्स गेली त्या खुर्चीबरोबर, फोन गेला. मी ती नाही. मला लेकीकडे जायचंय, वाट बघतेय ती, तुम्ही भलतीकडे नेताय मला!" बोलताना तिला ते शब्द ऐकू आले. काउंटरपाशी हात जोडून उभ्या असलेल्या मुलानं आधीच म्हणून ठेवलेले, जसेच्या तसे. त्या बिचाऱ्यानं काही मनचं सांगितलं नव्हतं. आई त्याची खरंच असं म्हणत असेल. पण आता तिच्यासाठी दुसरे शब्दच शिल्लक नव्हते. खरं बोलायचं तर हेच बोलावं लागणार, आणि हे बोललं की खोटं ठरणार. तिनं पांघरूण फेकून पाय दाखवला. "हा बघा. मोडलाय. त्यांचा धड होता." खुर्ची थांबली. तो वाकला असावा, त्याच्या श्वासाला लवंगेचा वास होता. "अरेरे, आजी, पाय पण मोडून घेतलात का? कुणी सांगितलंच नाही आम्हाला." आणि त्यानं पांघरूण पुन्हा नीट घातलं, कडा खोचल्या, मायेनं. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. चांगल्या माणसापुढे काय करायचं?

बोळ संपेना. एका बाजूला काच, दुसऱ्या बाजूला गुळगुळीत भिंत, आणि पायाखाली चाकांचा एकसुरी आवाज. समोरून येणाऱ्या एका बाईला तिनं हात केला, "अहो, जरा ऐका, माझं विमान सुटतंय!" बाईची नजर तिच्यावरून घसरून तिच्या डोक्यामागे गेली. मागच्यानं काहीतरी खूण केली असणार, कारण बाईच्या चेहऱ्यावर एकदम ती ओली दया आली. "हो हो, आजी," बाई म्हणाली. नाव नाही, गाव नाही, ह्या अनोळखी बाईला कुणी शिकवलं हो हो म्हणायला? पडद्यावर लेकीच्या गावाचं नाव लुकलुकत होतं, शेवटची सूचना म्हणून. ते दार बोळाच्या एका अंगाला मागे पडलं, उघडं होतं, आत कुणी नव्हतं. चाकाच्या खुर्च्यांना आधी आत नेतात. म्हणजे म्हातारी केव्हाच आत पोचली. हिचं तिकीट खुर्चीच्या खिशातून निघालं, दारावर टूं वाजलं, आणि हिच्या खिडकीपाशी, हिच्या जागेवर, ती मांडीवर पर्स घेऊन निवांत बसली असेल, हातांवर हात ठेवून. इकडे हिनं खुर्चीचं चाक हातानं अडवायचा प्रयत्न केला. बोटं सोलून निघाली. "आजी, आजी, हात आत घ्या बघू." एका दुकानाच्या आरशात तिला खुर्ची दिसली, ढकलणारा दिसला, आणि मध्ये लोकरीच्या पांघरुणात एक म्हातारी. वेडीच दिसत होती ती, केस विस्कटलेले, तोंड उघडं. आपणही हिला हो हो म्हणालो असतो.

मग तिला सुचलं. संकटात माणसाची अक्कल कुठून वर येते कोण जाणे. तिनं केस सारखे केले. हात एकावर एक ठेवले. चेहऱ्यावरचं सगळं पुसून टाकलं, हे काम ती पुतळ्यांच्या बाबतीत रोजच करायची. आणि अगदी मऊ आवाजात, म्हातारीच्या आवाजात म्हणाली, "बाळा, मुलाला फोन लावून देतोस का रे? पोचले नाही म्हणून काळजी करेल." खुर्ची लगेच थांबली. "एवढंच ना? आधी नाही का सांगायचं, आजी!" त्याचा फोन तिच्या हातात आला, त्याच्या खिशातला ऊन फोन. स्वतःसाठी मागितलं तर मिळत नव्हतं; त्या दुसरीसाठी मागितलं, मिळालं. तिनं स्वतःचाच नंबर लावला. वाजत राहिला. उचल, ती मनात म्हणत होती, उचल गं बाई. आरडाओरडा कर, तिथल्या बायकांना बोलाव, अजून दार लागलं नसेल.

"हॅलो," म्हातारीचा आवाज आला. मागे पट्टे लावण्याच्या सूचना ऐकू येत होत्या.

"मी बोलतेय. मघाशी शेजारी बसले होते, पाय मोडलेली. तुम्ही माझ्या विमानात बसलात. तिथल्या कुणाला तरी सांगा, आत्ताच्या आत्ता."

"ठकीचा फोन आला होता," म्हातारी म्हणाली.

तिनं फोन कानावर घट्ट दाबला.

"वेळ आधी केली म्हणाली. लगेच आत नेताहेत, संध्याकाळपर्यंत थांबत नाहीत म्हणाली. फार घाबरली होती हो पोर. मी म्हटलं, ठकी, बाळा, जा. मी आलेच. डोळे मीट आणि माझं तोंड आठव, म्हणजे झालं."

"काय... काय म्हणाली ती?"

"म्हणाली, आई, तुझा आवाज आज किती शांत आहे. म्हणाली, रागावली नाहीस अजिबात. हसली हो. हसत आत गेली."

तिला भीती वाटायला हवी होती, संताप यायला हवा होता. आला तो हेवा. असा हेवा तिला आयुष्यात कधी कुणाचा वाटला नव्हता. ह्या विमानात ती स्वतः असती तरी संध्याकाळचं तोंड बघणं हुकलंच असतं. उरला होता तो एक फोन, आणि तो तिच्या पर्समध्ये वाजला, आणि तिनं उचलला असता तर काय म्हणाली असती? अभद्र बोलू नकोस म्हणाली असती. रडली असती, डॉक्टरांच्या नावानं खडे फोडले असते. पोर तेच घेऊन आत गेली असती. पण ते तिचं असतं! जसं असेल तसं, तिच्या आईचं असतं! आता उद्या ठकी उठेल आणि तिच्या डोक्यात काही राहिलंच तर तो आवाज राहील, हा, मऊ, कुणाचा कोण. पलंगापाशी आपण जाऊन उभ्या राहू, बोलू, आणि ती बघत राहील.

"मी तिची आई आहे हो," ती म्हणाली. आवाज चढू द्यायचा नाही असं ठरवलं होतं, तो चढलाच. "ऐकताय का तुम्ही? तिची आई मी आहे!"

 पलीकडून त्याच निवांत आवाजात, समजूत घालावी तसं, वर्षानुवर्षं स्वतः ऐकून ऐकून पाठ झालेलं आलं, "हो हो." आणि पुन्हा, आणखी मायेनं, "हो हो."

फोन बंद झाला. तिनं पुन्हा लावला, तर लागेचना. काचेबाहेर एक विमान हळूहळू मागे सरकत होतं. ढकलणारं यंत्र खाली कुठेतरी असणार, इथून दिसत नव्हतं. गोल खिडक्यांच्या ओळीत तोंडं होती, पण एवढ्या लांबून सगळी सारखीच. तिनं डाव्या हातानं आपलं उजवं मनगट धरलं आणि हलकेच पाव फिरवलं. ते फिरेना. तिनं जोर लावला, दुखेपर्यंत लावला, आणि पकड सोडली नाही.

"झालं ना बोलणं, आजी?" मागून त्यानं विचारलं. "आता बरं वाटलं?"

 त्यानं तिच्या मांडीवरचा फोन उचलला, पांघरुणाची सुटलेली कड पुन्हा खोचली आणि खुर्ची पुढे ढकलली.